शॉकअपची पायरी किती ठेवायची? मागचे सस्पेन्शन आणि तुमचे वजन

मोटारसायकलच्या मागच्या शॉकअपकडे एकदा खाली वाकून बघा. स्प्रिंगच्या एका टोकाला, बहुतेक गाड्यांत खालच्या बाजूला, एक लोखंडी रिंग असते. तिला जिन्यासारख्या पायऱ्या कापलेल्या असतात आणि एका खुंटीवर त्यातली एक पायरी टेकलेली असते. हीरो स्प्लेंडर प्लसला अशा ५ पायऱ्या असतात, बजाज पल्सर १५० ला ५, २०२१ मध्ये आलेल्या नव्या रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० ला ६, होंडा ॲक्टिव्हा ६जी या स्कूटरला ३. गाडी घेताना मायलेज, हप्ता, सर्व्हिसिंग, विमा सगळे समजावून सांगितले जाते. ही रिंग मात्र क्वचितच कोणी दाखवते. मग ती कारखान्यातून ज्या पायरीवर आली, त्याच पायरीवर चिखल खात गंजते.

आता विचार करा. तीच गाडी सिडकोत राहणारी ५० किलोंची कॉलेजची मुलगी चालवते आणि सातपूरच्या कंपनीत जाणारे ९५ किलोंचे काकाही चालवतात. दोघांच्या वजनात जवळजवळ दुपटीचा फरक आहे, स्प्रिंग मात्र एकच. वाहनांच्या चाचण्यांमध्ये दुचाकीस्वाराचे वजन ७५ किलो धरण्याचा प्रघात आहे. तुम्ही त्या आकड्याच्या आसपास असाल आणि एकटेच फिरत असाल, तर कारखान्याची मांडणी बहुधा चालून जाईल. नसाल, तर ती रिंग तुमच्यासाठीच दिलेली आहे.

शॉकअपच्या बाबतीत नाशिककरांना परके वाटण्याचे कारणही नाही. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत गॅब्रिएल इंडियाचा कारखाना आहे आणि तिथे दुचाकींचे शॉकअप आणि पुढचे फोर्क बनतात. ही कंपनी १९६१ ची, सुरुवात मुंबईतली. तिकडे छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजमध्ये एन्ड्युरन्स टेक्नॉलॉजीज हेच काम करते. म्हणजे देशभरातल्या लाखो दुचाकींच्या पाठी ज्यावर टेकतात, त्या वस्तूचा मोठा भाग आपल्याच भागात तयार होतो.

आत काय असते

शॉकअपमध्ये दोन वेगळी कामे करणारे दोन भाग असतात. बाहेर दिसते ती स्प्रिंग वजन पेलते. खड्डा आला की ती दबते आणि परत उघडते. पण नुसती स्प्रिंग असती तर गाडी एका गतिरोधकानंतर दहा वेळा उड्या मारत गेली असती. त्या उड्या थांबवण्याचे काम आतल्या नळीतला दट्ट्या करतो. तो तेलात वरखाली होतो, तेल बारीक छिद्रांतून ढकलावे लागते आणि त्या विरोधात उड्यांची ताकद उष्णता होऊन निघून जाते. याला डॅम्पिंग म्हणतात. काही शॉकअपमध्ये तेलाबरोबर दाबाखाली नायट्रोजन भरलेला असतो. वाईट रस्त्यावर तेल सतत घुसळले जाऊन त्याला फेस येऊ नये, हा त्याचा हेतू. फेसाळलेले तेल विरोध करत नाही, आणि लांबच्या खराब रस्त्यावर तासाभराने गाडी जास्त उडायला लागते त्याचे हे एक कारण.

आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत डॅम्पिंग बदलता येत नाही. बदलता येते ती फक्त त्या रिंगने होणारी गोष्ट, म्हणजे प्रीलोड. स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची, ते.

रिंग फिरवल्याने स्प्रिंग कडक होत नाही

या विषयातला सगळ्यात मोठा गैरसमज इथेच आहे. गॅरेजमध्ये ‘शॉकअप टाइट करून दिले’ असे म्हणतात आणि आपणही तसेच समजतो. प्रत्यक्षात स्प्रिंगचा कडकपणा तिच्या तारेची जाडी, वेढ्यांची संख्या आणि वेढ्याचा घेर यांवर ठरतो. रिंग फिरवून यातले काहीही बदलत नाही. १ मिलिमीटर दाबायला जेवढे वजन पहिल्या पायरीवर लागत होते, तेवढेच पाचव्या पायरीवरही लागते.

मग बदलते काय? गाडीची मागची उंची. वरची पायरी लावली की स्प्रिंगचा पाया वर सरकतो आणि तेवढीच गाडी वर उचलली जाते. म्हणून कमी प्रीलोडवर तुम्ही बसलात की गाडी जास्त खाली बसते, जास्त प्रीलोडवर कमी बसते. हे बसणे म्हणजेच सॅग. सस्पेन्शन जुळवायचे म्हणजे मुख्यतः सॅग जुळवायचा.

मग पाचव्या पायरीवर गाडी कडक का लागते? कारण हलका माणूस बसला तर स्प्रिंग आधीच इतकी दाबलेली असते की लहान धक्क्याला ती हलायलाच तयार नसते. तेवढ्यापुरता धक्का सरळ पाठीला बसतो. स्प्रिंग तीच, पण हालचाल सुरू होण्याचा उंबरठा वर गेलेला.

आकड्यांत बघू

सोपे जावे म्हणून एक कल्पित गाडी घेऊ. तिचे मागचे चाक एकूण ८० मिमी वरखाली होऊ शकते आणि मागे २ किलो वजन वाढले की गाडी १ मिमी खाली बसते. खऱ्या गाड्यांचे आकडे याहून थोडे वेगळे असतील, हिशेबाची रीत तीच. गाडी स्वतःच्या वजनाने ८ मिमी बसते असे धरू. स्वाराच्या वजनाचा साधारण दोन तृतीयांश भाग मागच्या चाकावर येतो. डबलसीट बसलेल्या माणसाचे मात्र जवळजवळ सगळे वजन मागेच येते, कारण तो मागच्या चाकाच्या अगदी वर बसलेला असतो.

५५ किलोंचा माणूस बसला तर मागे सुमारे ३६ किलो आले, म्हणजे १८ मिमी. गाडीचे ८ मिळवून २६. ८० पैकी ५४ मिमी धक्के झेलायला शिल्लक. छान.

९० किलोंचा माणूस बसला तर मागे ६० किलो, ३० मिमी, एकूण ३८. जवळजवळ निम्मा प्रवास नुसते बसण्यातच गेला.

आता याच ९० किलोंच्या माणसामागे ६५ किलोंची व्यक्ती बसली. आणखी २९ मिमी. एकूण ६७. खड्ड्यांसाठी उरले १३ मिमी. हे बोटाच्या पेरापेक्षाही कमी आहे. मग त्र्यंबक रस्त्यावरच्या पहिल्याच गतिरोधकाला ‘ठक्’ असा आवाज येतो. तो आवाज शॉकअप तळाला टेकल्याचा. त्यापुढचा धक्का चॅसीला आणि चॅसीवरून माणसांच्या मणक्याला जातो. मागच्या माणसाला तो जास्त बसतो, कारण पुढच्याला खड्डा दिसतो आणि तो पायांवर थोडा उठू शकतो. मागच्याला काहीच दिसत नसते. घरातली वयस्क मंडळी ‘तुझ्या गाडीवर कंबर दुखते’ म्हणतात तेव्हा दोष बहुधा सीटच्या फोमला दिला जातो. फोम बदलण्याआधी रिंग बघावी.

याच गाडीला प्रत्येक पायरी ४ मिमीची आहे असे धरा. पहिलीवरून पाचवीवर नेली तर १६ मिमी परत मिळतात. १३ चे २९ झाले, दुपटीहून जास्त. आणि तोच ५५ किलोंचा माणूस चुकून पाचव्या पायरीवर एकटा चालवू लागला, तर त्याची गाडी फक्त १० मिमी बसेल. इथे उलटी अडचण होते. चाक खाली जायला जागा कमी पडते. खड्डा आला की चाकाने खाली उतरून तळ गाठायला हवा, पण ते १० मिमी उतरून थांबते आणि क्षणभर हवेत राहते. ओल्या रस्त्यावर वळणात हे झाले तर मागचे चाक सरकते. म्हणजे सॅग नेहमी कमीच असावा असेही नाही. चाकाला वर जायला जागा हवी तशी खाली उतरायलाही हवी.

म्हणूनच सर्वसाधारण नियम असा सांगतात की स्वार बसल्यावर सॅग हा एकूण प्रवासाच्या पाव ते एक तृतीयांश असावा. ८० मिमी प्रवास असेल तर २० ते २७ मिमी. १२० मिमी असेल तर ३० ते ४०. जुन्या हिमालयन ४११ सारख्या गाडीला मागे १८० मिमी प्रवास आहे, तिथे ४५ ते ६० मिमी बसणे बरोबर आहे. हिमालयनवर बसल्यावर ती खाली गेल्यासारखी वाटते म्हणून घाबरून प्रीलोड वाढवणारे लोक दिसतात. ती तशीच बनवलेली आहे.

घाटात आणि रात्री

उंची बदलली की फक्त धक्क्यांचाच नाही, गाडीच्या वागण्याचाही प्रश्न येतो. मागची बाजू ३० मिमी खाली गेली की गाडी नाक वर करून चालते. पुढच्या फोर्कचा कल एक अंशाहून थोडा जास्त मागे पडतो. हे ऐकायला किरकोळ वाटते. हँडलला मात्र ते लगेच कळते. गाडी वळायला आळस करते आणि वळणात बाहेरच्या बाजूला जायला बघते. नांदुरीहून सप्तशृंगी गडावर चढताना किंवा पेठ रस्त्यावर सावळ घाटात डबलसीट जाताना वळणावर गाडी आपल्याला नको तितकी रस्त्याच्या मध्याकडे सरकत असेल, तर चालवण्यातली चूक शोधण्याआधी मागचा सॅग बघा. पुढच्या चाकावरचे वजन कमी झाल्याने पुढचा ब्रेकही सुरुवातीच्या क्षणी कमी पकड घेतो.

दिव्याचा हिशेब तर बहुतेकांच्या डोक्यातच येत नाही. दोन चाकांतले अंतर १३०० मिमी धरले आणि मागची बाजू २९ मिमी बसली, तर दिव्याचा झोत ५० मीटरवर १.१ मीटरच्या आसपास वर जातो. म्हणजे तुम्ही डिपरवर असलात तरी समोरच्याच्या डोळ्यांत झोत जातो, आणि तुमच्या पुढचा रस्ता अंधारात राहतो. रात्री दुतर्फा रस्त्यावर समोरची दुचाकी उगाच अप्पर मारते असे वाटते, त्यातल्या किती जणांचे शॉकअप बसलेले असतील कोण जाणे.

सॅग फार कमी असेल तर या सगळ्याच्या उलट होते. गाडी चटकन वळते, पण महामार्गावर ऐंशीच्या पुढे हँडल चंचल वाटते. जोरात ब्रेक दाबला की मागचे चाक हलके होऊन लवकर लॉक होते.

दिंडोरी, निफाड भागात द्राक्षांच्या किंवा टोमॅटोच्या हंगामात मोटारसायकलवर जे क्रेट बांधले जातात, दूधवाल्यांच्या कॅन ज्या तऱ्हेने लटकतात, तिथे आणखी एक गोष्ट घडते. कॅरिअरवरचे वजन मागच्या चाकाच्याही मागे असते. ते तरफेसारखे पुढचे चाक उचलते. अशा गाडीला प्रीलोड वरच्या पायरीवर हवाच, पण त्याने सगळे सुटते असे नाही. प्रत्येक गाडीच्या मॅन्युअलमध्ये माणसे आणि सामान मिळून जास्तीत जास्त किती वजन चालेल तो आकडा दिलेला असतो. कम्युटर गाड्यांत तो साधारण १३० ते १५० किलोंच्या आसपास असतो. दोन भरीव माणसे बसली की तो संपतो. त्यावर क्रेट आला की पाचवी काय, दहावी पायरी असती तरी उपयोग नव्हता.

मोजायचे कसे

अंदाजाने रिंग फिरवण्यापेक्षा मोजलेले बरे. लागते काय, तर मोजपट्टी, कागदी चिकटपट्टी आणि दोन माणसे. दहा मिनिटांचे काम आहे. त्याआधी मागच्या टायरची हवा मॅन्युअलप्रमाणे भरून घ्या. एकट्यासाठी आणि डबलसीटसाठी वेगवेगळे आकडे दिलेले असतात, बऱ्याच गाड्यांवर चेनकव्हरजवळ किंवा चिमट्यावर स्टिकरही असतो. हवा कमी असलेल्या गाडीवर सस्पेन्शन जुळवणे म्हणजे ओल्या तांदळाचे वजन करण्यासारखे आहे.

गाडी मेन स्टँडवर घ्या, म्हणजे मागचे चाक अधांतरी लटकेल. चाकाच्या एक्सलच्या मध्यापासून सरळ वर सीटखालच्या पॅनलवर चिकटपट्टीचा तुकडा लावून खूण करा. एक्सल ते खूण हे अंतर लिहून घ्या. समजा ते ५४० मिमी आले. मेन स्टँड नसलेल्या गाडीला दोघांनी मागच्या दांड्याला धरून चाक जमिनीवरून सुटेपर्यंत उचलावे लागते. पॅडॉक स्टँड इथे चालत नाही. तो चिमट्यालाच उचलतो, त्यामुळे स्प्रिंगवरचा भार तसाच राहतो आणि माप चुकते.

आता गाडी चाकांवर सरळ उभी करा, एकाने समोरून हँडल धरून ठेवायचे. सीट एकदा दाबून हळू सोडा आणि मोजा. मग मागून थोडी उचलून हळू सोडा आणि मोजा. दोन आकडे थोडे वेगळे येतील, कारण आतल्या सीलचे घर्षण गाडीला मधेच अडवते. दोन्हींची सरासरी घ्या. समजा ५३२. म्हणजे गाडी स्वतःच्या वजनाने ८ मिमी बसते. हा मोकळा सॅग.

शेवटी तुम्ही बसा. रोज चालवता त्याच कपड्यांत, हेल्मेट घालून, पाठीवर बॅग असेल तर बॅगेसह. दोन्ही पाय फूटरेस्टवर, नजर समोर. खाली वाकून मापाकडे बघितले की माप बदलते, हा मोह आवरा. पुन्हा दाबून-सोडून, उचलून-सोडून सरासरी. समजा ५०२. ५४० वजा ५०२ म्हणजे ३८ मिमी. आपल्या ८० मिमीच्या कल्पित गाडीत हे जास्त आहे. २० ते २७ च्या आत आणायचे म्हणजे ११ मिमी तरी वर घ्यायला हवी, ४ मिमीच्या हिशेबाने तीन पायऱ्या.

एकूण प्रवास किती हे मॅन्युअलमध्ये मिळते. काही कंपन्या चाकाचा प्रवास देतात, काही शॉकअपच्या दांड्याचा. तुम्हाला चाकाचा हवा. दोन शॉकअपच्या गाड्यांत हे आकडे जवळजवळ सारखेच असतात. मोनोशॉकमध्ये मात्र मोठा फरक पडतो, कारण शॉकअप चिमट्याच्या मुळाजवळ बसवलेला असतो आणि त्याच्या १ मिमीमागे चाक २ ते ३ मिमी हलते.

मोनोशॉकची कल्पना ल्युसियाँ तिल्केन्स या बेल्जियन अभियंत्याची. यामाहाने ती उचलली आणि १९७३ मध्ये स्वीडनच्या होकान अँडरसनने तशाच यामाहावर २५० सीसी मोटोक्रॉसचे विश्वविजेतेपद मिळवले. आपल्याकडे २००४ च्या होंडा युनिकॉर्नने आणि २००८ च्या यामाहा एफझी व आर१५ ने ती रोजच्या रस्त्यावर आणली.

रिंग फिरवताना

गाडी मेन स्टँडवर घ्या, म्हणजे स्प्रिंगवरचा बराच भार निघेल. रिंगच्या खाचांमधला चिखल जुन्या टूथब्रशने काढा. रिंग कित्येक वर्षे हललेली नसेल तर गंज सोडवणारे तेल मारून अर्धा तास थांबा. फिरवायला सी-पाना लागतो. बऱ्याच गाड्यांच्या टूलकिटमध्ये तो असतो, नसेल तर हार्डवेअरच्या किंवा स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतो. छिन्नी आणि हातोडी घेऊन ठोकणारे बघितले आहेत. त्याने रिंगच्या कडा तुटतात आणि एकदा पाना निसटला की बोटे सोलवटतात. हातात जाड हातमोजे असू द्यात.

पायऱ्या डोळ्यांनी बघा. खुंटी जिन्याच्या ज्या पायरीला टेकल्यावर स्प्रिंग सगळ्यात जास्त दाबली जाते, ती शेवटची. कुठल्या दिशेला वाढते आणि कुठल्या दिशेला कमी होते हे गाड्यांनुसार बदलते, त्यामुळे ‘उजवीकडे फिरवा’ असा सरसकट सल्ला देण्यात अर्थ नाही. शेवटच्या पायरीवरून जोर करून पुढे नेऊ नका, रिंग एकदम पहिल्या पायरीवर धडकन उतरते.

दोन शॉकअप असतील तर दोन्हीकडे एकच पायरी. हे सांगायची गरज का, तर सायलेन्सरच्या बाजूची रिंग हाताला येत नाही म्हणून एकीकडेच फिरवलेल्या गाड्या असतात. माझ्याही गाडीची एकदा अशीच सर्व्हिसिंग झाली होती. डावीकडे चौथी, उजवीकडे दुसरी. महिनाभर वाटत होते की चिमट्याचे बुश गेले.

काही मोनोशॉकला पायऱ्यांऐवजी आट्यांच्या दोन रिंगा असतात. वरची लॉकची, खालची स्प्रिंगला टेकलेली, किंवा गाडीनुसार याच्या उलट. लॉकची रिंग आधी सोडवा, दुसरी फिरवा, मोजा आणि लॉक पुन्हा आवळा. एका फेऱ्यात रिंग १ ते दीड मिमी सरकते, आणि मोनोशॉकच्या तरफेमुळे गाडी त्याच्या दुप्पट-तिप्पट हलते. म्हणून अर्ध्या अर्ध्या फेऱ्याने जा. आट्या आधी साफ न करता फिरवल्या तर खडा अडकून त्या खराब होतात.

एक बदल केला की पुन्हा मोजा. मग ओळखीच्या रस्त्यावर, रोजच्याच खड्ड्यांवरून एक फेरी मारून या. घरी आल्यावर चेनचा ढिलेपणा तपासा. चिमट्याचा कोन बदलला की चेनचा ताणही बदलतो, आणि मॅन्युअलमधले माप कुठल्या स्टँडवर घ्यायचे तेही तिथेच लिहिलेले असते. साइड स्टँडही बघा. मागची बाजू वर गेली की गाडी स्टँडवर जास्त कलते. खाली गेली की ताठ उभी राहते आणि उतारावर दुसऱ्या बाजूला पडायची भीती असते.

कमी उंचीच्या चालकांसाठी एक गोष्ट. पाय टेकावेत म्हणून प्रीलोड सगळ्यात खालच्या पायरीवर आणला जातो. हलक्या वजनाला बहुतेक वेळा तीच पायरी योग्यही असते, त्यामुळे दोन्ही कामे एकदम होतात. वजन जास्त आणि उंची कमी असेल तर मात्र पाय टेकणे आणि तळ न टेकणे यांत ओढाताण होते. तिथे सीटचा फोम थोडा कमी करून घेणे हा शॉकअप खाली आणण्यापेक्षा चांगला मार्ग.

रिंगने काम होत नसेल तर

मोजलेले दोन आकडे शेजारी ठेवले की स्प्रिंगबद्दल बरेच कळते. स्वार बसल्यावरचा सॅग बरोबर जमला, पण मोकळा सॅग शून्य आहे, म्हणजे गाडी स्वतःच्या वजनाने अजिबात बसत नाही, तर स्प्रिंग तुमच्यासाठी मऊ आहे. उंची राखण्यासाठी तुम्हाला ती आधीच फार दाबावी लागली. उलट, स्वाराचा सॅग बरोबर आणि मोकळा सॅग त्यातला मोठा हिस्सा खातो आहे, तर स्प्रिंग तुमच्या वजनाला जास्त कडक आहे. रस्त्यावरच्या गाडीला मोकळा सॅग साधारण ५ ते १० मिमी असावा. हे वाचताना उलटे वाटते, पण वरचा हिशेब एकदा कागदावर मांडून बघा म्हणजे पटेल.

स्प्रिंग मऊ ठरली तर इलाज तिच्या वजनाला साजेशी दुसरी स्प्रिंग हाच. महागड्या गाड्यांना वेगवेगळ्या कडकपणाच्या स्प्रिंगा विकत मिळतात. कम्युटर गाड्यांना तशी सोय फारशी नसते. तिथे त्याच गाडीसाठी बनवलेला, जास्त वजनाचा शॉकअप मिळतो का ते बघावे. स्प्रिंगखाली वायसर घालून उंची वाढवणे म्हणजे पुन्हा प्रीलोडच वाढवणे, त्याने कडकपणा येत नाही. स्प्रिंगचा वेढा कापून गाडी खाली आणली तर स्प्रिंग कडक होते, पण प्रवास कमी होतो आणि स्प्रिंग तिच्या जागेवर नीट बसत नाही. जास्त लांबीचा शॉकअप दिसायला भारी वाटला तरी तो फोर्कचा कल, चेन आणि स्टँड तिन्ही बिघडवतो.

बजाज प्लॅटिनासारख्या काही गाड्यांत ‘स्प्रिंग-इन-स्प्रिंग’ म्हणजे मोठ्या स्प्रिंगच्या आत लहान स्प्रिंग असते. वजन कमी असताना गाडी मऊ चालते, वजन वाढले की दुसरी स्प्रिंगही भार घेते. अशा गाड्यांत वजनातला फरक काही प्रमाणात आपोआप सांभाळला जातो, पण पायरी बघण्याची गरज त्याने पूर्ण जात नाही.

आणि काही वेळा प्रश्न स्प्रिंगचा नसतोच. सीट जोरात दाबून एकदम सोडा. गाडी वर येऊन जागेवर थांबली तर डॅम्पर ठीक आहे. दोन-तीन वेळा डोलली तर तो गेला. दांड्यावर तेलाचा ओलावा किंवा धूळ चिकटलेला काळा थर दिसला तर सील फुटले आहे. अशा शॉकअपचे प्रीलोड कितीही वाढवा, उड्या वाढतील, कारण जास्त दाबलेली स्प्रिंग सोडताना तिला आवरणारे आत काही उरलेले नसते. दोनांपैकी एक गळत असला तरी जोडी बदलावी. गॅस भरलेला शॉकअप घरी किंवा साध्या गॅरेजमध्ये उघडू नये, तापवू नये, आणि भंगारात देताना तो गॅसचा आहे हे सांगावे. आतला दाब बराच असतो.

रोज एकटे आणि रविवारी डबलसीट अशी अनेकांची स्थिती असते. दर वेळी सी-पाना काढणे कंटाळवाणे आहे हे खरे. त्यांनी एकट्याचा आणि दोघांचा असे दोन्ही सॅग एकदा मोजून दोन्ही पायऱ्या सीटखाली चिकटपट्टीवर लिहून ठेवाव्यात. शहरातल्या शहरात फेरी असेल तर एकट्याच्या पायरीपेक्षा एक वर ठेवून चालते. घाट किंवा लांबचा महामार्ग असेल तर पाच मिनिटे खर्चून दोघांच्या पायरीवर आणावी, टायरमध्ये हवा भरताना दिव्याचा झोत पंपावरच्या भिंतीवर एकदा बघून घ्यावा, आणि सोमवारी एकट्याने कामाला निघण्याआधी रिंग परत खाली आणावी.